पिशवी फळमाशीच्या आधी चढली पाहिजे

फळमाशी पक्वतेकडे झुकलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते. तो डंख टाचणीच्या टोकाएवढा असतो, पुष्कळदा दिसतही नाही. डंख झालेल्या फळावर पिशवी चढवली की अळी आत निर्धास्त वाढते आणि काढणीला सडका गर हाती येतो. म्हणून फळ हिरवे, टणक असतानाच पिशवी घालावी: पेरू लिंबाएवढा झाल्यावर, आंबा कोंबडीच्या अंड्याएवढा झाल्यावर. त्याआधी घाई नको. नैसर्गिक गळ होऊन जाऊ द्यावी, नाहीतर निम्म्या पिशव्यांत वाळकी फळेच उरतात. डाळिंबाला मात्र इतके थांबता येत नाही. तिथे फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीचे फुलपाखरू फुलांवर आणि कोवळ्या फळांवरच अंडी घालते.

आधी विरळणी करा. घोसात एक, फार तर दोन फळे ठेवा. डागाळलेली, वेडीवाकडी काढून टाका. पिठ्या ढेकूण किंवा बुरशी दिसत असेल तर त्या पिकासाठी शिफारस असलेली फवारणी घ्या आणि फळ पूर्ण वाळल्यावरच पिशवी घाला. ओले फळ पिशवीत कोंडले की करप्याला आयते घर मिळते. सकाळी दव उडाल्यावर कामाला लागावे.

आंब्याला साधारण २० × २५ सेंमीची कागदी पिशवी पुरते. आत हात घालून ती फुगवा, फळ मधोमध लोंबकळू द्या. कागद सालीला चिकटला तर माशी पातळ कागदातूनही अंडी घालू शकते. तोंडाला चुण्या घालून ते देठाभोवती तारेने किंवा सुतळीने आवळा. पेरूचा देठ आखूड असतो, तिथे गाठ फांदीवर मारा. देठावर ओढ आली की फळ गळते. खालच्या कोपऱ्यांना टाचणीने दोन भोके पाडा, पाणी साचणार नाही. बोटभर भोक पाडले तर पिशवी घातली काय आणि न घातली काय, सारखेच.

पावसाळ्यात साधा कागद लगदा होतो, तेव्हा मेणकागद किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी बरी. प्लॅस्टिक स्वस्त खरे, पण उन्हात आत वाफ धरते आणि साल भाजते.

एकदा बांधले म्हणजे विसरायचे नाही. आठवड्याला काही पिशव्या उघडून पाहा. गाठीपाशी मुंग्यांची ये-जा दिसली तर आत पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता मोठी. आंबा, पेरू पिशवीसकट काढता येतात. सफरचंदाला लाली हवी असेल तर काढणीआधी दोन-तीन आठवडे पिशवी उतरवावी, तीही ढगाळ दिवशी किंवा दुपार टळल्यावर. सावलीत वाढलेली साल एकदम कडक उन्हात भाजते.

उघडी राहिलेली आणि गळलेली फळे झाडाखाली पडू देऊ नका. त्यातली अळी मातीत उतरून कोष करते आणि नवी माशी तुमच्याच बागेत निघते. अशी फळे रोज वेचून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा. मिथिल युजेनॉलचे, म्हणजे वासाने माशीला ओढणारे, सापळे लावले असले तरी हे काम टळत नाही, कारण त्यात फक्त नर अडकतात.