ऑक्टोबरच्या उन्हाआधी : कोकोपीटमधील कॅल्शियम आणि अन्नद्रव्यांचे नियोजन

मुंबईत साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघारी जातो आणि गच्चीवर, बाल्कनीत किंवा शेडनेटखाली टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची व पालेभाज्यांची हिवाळी लागवड सुरू होते. गच्चीवर मातीचे वजन टाकणे इमारतीच्या दृष्टीने योग्य नसल्यामुळे बहुतेक जण कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, वापरतात. हलकेपणा, ओलावा धरण्याची क्षमता आणि मुळांना मिळणारी हवा पाहता ही निवड चांगलीच आहे. परंतु कोकोपीट म्हणजे हलकी माती असे समजून त्यात मातीसारखेच खत देणाऱ्यांना फळे धरू लागताच अडचण येते. मिरचीचा शेंडा वाकडा होतो, कोवळी पाने आखडतात आणि टोमॅटोच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. या तक्रारींमागे अनेकदा कॅल्शियमची टंचाई असते आणि तिचे मूळ लागवडीपूर्वीच्या तयारीत सापडते. मिरचीचा शेंडा फुलकिडे व कोळी यांच्यामुळेही वाकडा होतो, म्हणून आधी भिंगाने पानांची खालची बाजू तपासावी.

नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणाऱ्या भुशाच्या कणांवर ऋणभारित जागा असतात आणि त्या जागांवर सुरुवातीला मुख्यतः पोटॅशियम व सोडियम चिकटलेले असते. सोडणे खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात भिजवलेली असतील, तर सोडियमचे प्रमाण आणखी वाढते. अशा कोकोपीटमध्ये कॅल्शियमयुक्त द्रावण ओतले की भुसा कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतो आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम व सोडियम पाण्यात सोडतो. त्यामुळे आपण खत देऊनही पहिले काही आठवडे रोपाला कॅल्शियम कमी आणि पोटॅशियम गरजेपेक्षा जास्त मिळते. हे जादा पोटॅशियम कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या शोषणातही अडथळा आणते. म्हणून भुशाची कॅल्शियमची भूक रोप लावण्याआधीच भागवावी लागते.

नुसते साध्या पाण्याने धुऊन हे काम होत नाही. पाण्याने मोकळे क्षार निघून जातात, पण कणांना धरून बसलेले पोटॅशियम व सोडियम तेथेच राहते. कोकोपीटची 5 किलोची दाबलेली वीट प्रथम मोठ्या टबात भिजवून मोकळी करावी आणि निथळणारे पाणी गडद तपकिरी दिसेनासे होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवावी. त्यानंतर सुमारे 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट 25 ते 30 लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर, शक्य असल्यास पूर्ण 24 तास बुडवून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ते निथळू द्यावे आणि साध्या पाण्याने एकदा धुवावे. पाकिटावर ‘धुतलेले’ असे लिहिले असले तरी कॅल्शियमची प्रक्रिया केल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ही पायरी गाळू नये. एका रात्रीच्या या कामाने पुढे अनेक आठवडे रोपांचा त्रास वाचतो, म्हणून इतर कशात घाई करावी लागली तरी येथे करू नये.

पावसाळाभर उघड्यावर राहिलेल्या जुन्या कुंड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईत एकट्या जुलैमध्ये सरासरी 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एवढ्या पाण्याने कुंडीतील विद्राव्य अन्नद्रव्ये जवळजवळ सगळी वाहून जातात. अशा कोकोपीटमधील जुनी मुळे काढावीत, घट्ट बसलेला थर मोकळा करावा आणि वर सांगितलेल्या द्रावणाच्या निम्म्या तीव्रतेने ते पुन्हा भिजवून घ्यावे. हाताला चिकट लागणारे, बारीक होऊन हवा न धरणारे किंवा आंबूस वास येणारे कोकोपीट मात्र फळभाजीसाठी वापरू नये.

आता पाण्याकडे वळू. महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतून येते. ते पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे मृदू असते. पिण्यासाठी ही चांगली गोष्ट असली, तरी कठीण पाण्यातून पिकाला आपोआप मिळणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम येथे फारसे मिळत नाही, म्हणून ते खतातूनच द्यावे लागते. याउलट सोसायटीच्या बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी कठीण असू शकते आणि किनाऱ्याजवळच्या वस्त्यांत ते खारेही असू शकते. दोन्ही पाण्यांसाठी एकच मात्रा चालणार नाही. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. पाणी बदलले की आधी त्याची नोंद घ्यावी आणि मगच खत मोजावे. बहुतेक साध्या मीटरवर 500 पीपीएम (दहा लाख भागांत 500 भाग क्षार) म्हणजे 1 ईसी (क्षारांमुळे येणारी पाण्याची विद्युतवाहकता) असे गणित असते. ते आपल्या मीटरच्या माहितीपत्रकात पडताळून पाहावे.

19:19:19 हे विद्राव्य खत (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांची टक्केवारी सांगतात) सर्वत्र मिळते आणि अनेक जण संपूर्ण हंगाम त्यावरच काढतात. कोकोपीटसाठी ही पद्धत योग्य नाही, कारण या खतात कॅल्शियम नसते आणि त्यातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. युरियापासून तयार होणारे अमोनियम मुळांजवळ कॅल्शियमशी स्पर्धा करते. महापालिकेच्या पाण्यासाठी रोप स्थिरावल्यानंतर फुले येईपर्यंत 10 लिटरला 7 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, 5 ग्रॅम 19:19:19 आणि 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट द्यावे. टोमॅटो व मिरचीला फळे धरू लागली की 19:19:19 बंद करून 10 लिटरला 9 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, 5 ग्रॅम 13:00:45, 2 ग्रॅम 00:52:34 आणि 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट अशी जोडणी ठेवावी. दोन्ही टप्प्यांत चिलेटेड (पिकाला सहज घेता येईल अशा बांधलेल्या रूपातील) सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण पाकिटावरील मात्रेप्रमाणे घालावे. पहिल्या द्रावणाची ईसी साधारण 1.5 आणि दुसऱ्याची 2 ते 2.3 येते. पालेभाज्यांना पहिले द्रावणच शेवटपर्यंत चालते आणि अगदी कोवळ्या रोपांना ते निम्मे पातळ करून द्यावे. द्रावणाचा सामू (पीएच) 5.8 ते 6.3 दरम्यान असावा.

कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खते घट्ट स्वरूपात एकत्र करू नयेत. त्यांचा न विरघळणारा पांढरा साका तयार होतो, तो तळाशी बसतो किंवा ठिबकच्या नळ्या बुजवतो आणि दिलेले खत वाया जाते. एका बादलीत अर्ध्या पाण्यात फक्त कॅल्शियम नायट्रेट आणि दुसरीत उरलेल्या पाण्यात बाकीची खते विरघळवावीत, मग दोन्ही एकत्र करून द्रावण त्याच दिवशी संपवावे. कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओल ओढून घेते. मुंबईच्या दमट हवेत उघडी पिशवी काही दिवसांतच पाघळते आणि मग वजन करून घेतलेली मात्राही भरवशाची राहत नाही. ते घट्ट झाकणाच्या बरणीतच ठेवावे.

द्रावणात कॅल्शियम पुरेसे असूनही फळ काळे पडू शकते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते आणि एकदा जुन्या पानात पोहोचले की तेथून नव्या पानाकडे किंवा फळाकडे परत वळत नाही. पावसाळी, कोंदट हवेत पानांतून बाष्प कमी बाहेर पडते, त्यामुळे एकूण प्रवाहच मंदावतो. ऑक्टोबरच्या कोरड्या, तापलेल्या हवेत उलट घडते. पाने इतके पाणी खेचतात की त्यांच्याबरोबर जाणाऱ्या कॅल्शियममधील फारच थोडा वाटा फळाला मिळतो. म्हणून या महिन्यात दुपारच्या उन्हात 35 ते 50 टक्के सावलीची जाळी लावावी आणि सकाळी एकदाच भरपूर पाणी देण्याऐवजी तेच द्रावण दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावे. वरचा थर सुकलेला दिसला तरी खाली ओल असू शकते. कुंडी उचलून तिच्या वजनावरून किंवा दोन पेरे बोट खुपसून अंदाज घ्यावा. कोकोपीट पूर्ण वाळू दिल्यास मुळांजवळ क्षारांची तीव्रता एकदम वाढते.

रोज दिलेल्या द्रावणापैकी 10 ते 20 टक्के तळातून बाहेर पडेल एवढे पाणी द्यावे आणि आठवड्यातून एकदा या निचऱ्याच्या पाण्याची ईसी मोजावी. ती दिलेल्या द्रावणापेक्षा एक अंकाने किंवा त्याहून अधिक आली, तर एक-दोन वेळा निम्म्या तीव्रतेचे द्रावण भरपूर द्यावे. निव्वळ साध्या पाण्याने वारंवार धुण्याचे टाळावे.

अंड्यांच्या टरफलांची पूड, खायचा चुना आणि केळीच्या सालींचे पाणी यांविषयी प्रत्येक हंगामात विचारणा होते. टरफलांतील कॅल्शियम कार्बोनेट इतके सावकाश विरघळते की चालू पिकाला त्याचा उपयोग होत नाही. चुन्याने सामू झपाट्याने वाढतो, लोह मिळेनासे होते आणि नवी पाने पिवळी पडतात. केळीच्या सालींच्या पाण्यातून मुख्यतः पोटॅशियम मिळते आणि तेच कोकोपीटमध्ये आधीपासून जास्त असते. हे पदार्थ कंपोस्टात घालावेत, कोकोपीटच्या कुंडीत नकोत.

टंचाई ओळखताना पान नवे आहे की जुने, हे आधी पाहावे. कॅल्शियमची खूण शेंड्यावर व कोवळ्या पानांच्या कडांवर दिसते. मॅग्नेशियम कमी पडले की खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. टोमॅटोच्या बुडाशी डाग पडलेली फळे दुरुस्त होत नाहीत, ती तोडून टाकावीत. कॅल्शियमची फवारणी पानांवर पडते आणि तेथून फळाकडे जात नाही, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. फळ सुपारीएवढे असतानाच हा दोष आत घडू लागतो, म्हणून पाण्याच्या पाळ्या व द्रावण सुधारल्यानंतर जुन्या फळांकडे न पाहता पुढच्या घोसातील लहान फळांची बुडे दर दोन दिवसांनी तपासावीत.