कुकरच्या शिट्ट्या आणि ख्रिस्ती कादंबऱ्या: घाईगर्दीतल्या आईनं वाचन कसं जमवावं

निवांत तासाची वाट बघणं आधी सोडून द्या. धाकटा दोन वर्षांचा होईपर्यंत मी ती पाहिली आणि तेवढ्या काळात माझं एकही पुस्तक पूर्ण झालं नाही. मग तीन दिवस मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर नुसतं टिपत गेले, फोन कधी हातात घेतला ते. डाळ शिजेपर्यंत. शाळेच्या फाटकाशी. प्लॅटफॉर्मवर. मुलांना झोपवताना त्यांच्या शेजारी पडल्यावर. बेरीज पाऊण तासाची निघाली, तीही तुकड्यातुकड्यांनी. तुम्हीही आधी एवढंच करा. मग पुस्तकं त्या तुकड्यांच्या मापाची निवडा.

तुकडा बघून पुस्तक

पाच मिनिटांच्या फटीत कादंबरी उघडू नका, कोण कोणाची मावशी हे आठवेपर्यंत शिट्टी होते. तिथे छोटं, स्वतंत्र काही हवं. माझी युक्ती साधी आहे: बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाचे अध्याय ३१ आणि महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त ३१, तेव्हा आजची तारीख तोच अध्याय. चार दिवस चुकले तरी मागचं भरून काढायचं नाही, आजच्या तारखेवर यायचं. एकतिसाव्या अध्यायातली ती सद्गुणी स्त्री मात्र मनाला लावून घेऊ नका. ती पहाटे उठून घरच्यांना जेवू घालते खरं, पण त्याच ओवीत तिच्या दासींचाही उल्लेख आहे.

पंधरा-वीस मिनिटं सलग मिळत असतील तर बायबलमधलंच रूथचं पुस्तक घ्या. चारच अध्याय, आणि सासू-सुनेची इतकी समजूतदार गोष्ट दुसरी सापडणार नाही. भाषा जड वाटली तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ पाहा. त्याला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. ग्रंथ मात्र जाडजूड, घरी टेबलावर ठेवूनच वाचायचा.

कादंबरी आणि आत्मचरित्र प्रवासात. विरारहून भरून आलेल्या लोकलमध्ये वसईला चढणारीनं बसायला मिळेल असं गृहीत धरू नये. चढल्याबरोबर “कुठे उतरणार?” विचारून सीट बोलून ठेवायची आणि तोवर एका हातात मावेल असं काहीतरी, नाहीतर फोनवरचं पुस्तक, उभ्यानं वाचायचं. स्वयंपाक करताना हात ओले असतात, त्या वेळी कानांनी ऐकावं.

सुरुवात कुठून?

मला विचाराल तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून. ही कादंबरी नव्हे, आत्मकथा. पण कादंबरीसारखी ओढून नेते आणि कुठेही थांबवता येते, कारण ती किश्शांनी बांधलेली आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेली, शाळा न पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या धांदरटपणावर आणि स्वतःच्या भित्रेपणावर सारख्याच मोकळेपणानं हसते. १० फेब्रुवारी १८९५ ला नवऱ्याचा, म्हणजे रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला, ते ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली वर्षं नीट वाचा. श्रद्धा एका रात्रीत बदलत नाही. सोवळ्याओवळ्याचा पीळ किती हळू सुटतो, घर तुटताना बाईच्या वाट्याला काय येतं, हे त्यांनी उपदेशाचा एक शब्दही न घालता सांगितलं आहे. पूर्ण ग्रंथाला वेळ नसेल तर संक्षिप्त आवृत्तीही आहे.

कादंबरीच हवी असेल तर बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, ही कादंबरी १८५७ ची. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांचे हाल बघते, आणि पुढे तोच प्रसंग तिच्यावर येतो. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत नाव पाठ करतो आणि पुस्तक उघडत नाही. भाषा जुनी आहे, दिवसाला चार पानं पुरेत. लेखक मताचा प्रचार करतो हे जाणवेल. जाणवू द्या, तरीही त्या बायकांची दुःखं खरीच वाटतात.

आजच्या ख्रिस्ती कादंबऱ्या बहुतेक इंग्रजीत. ‘ख्रिस्ती’ असा शिक्का बघून मुलीच्या हाती मात्र देऊ नका. फ्रॅन्सिन रिव्हर्स यांची १९९१ ची ‘रिडीमिंग लव्ह’ बायबलमधल्या होशेय या संदेष्ट्याच्या कथेवर बेतलेली आहे, पण नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात ढकललेली. ती आईनं वाचायची कादंबरी आहे. मुलांना घेऊन वाचायचं असेल तर सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या सात गोष्टी घ्या, १९५० ते १९५६ मधल्या. रोज झोपताना अर्धं प्रकरण, अवघड शब्द तिथल्या तिथे मराठीत सांगत. मुलांचं वाचन आणि तुमचं वाचन एकाच वेळी होतं.

प्रेरणादायी पुस्तकं विकत घेण्याआधी

मधलं कुठलंही पान उघडा. पहिलं प्रकरण सगळेच मन लावून लिहितात. मधल्या पानावर आजारी माणूस एका प्रार्थनेत बरा, कर्ज एका आठवड्यात फिटलं, असं दिसलं तर पुस्तक परत ठेवते. माझ्या घरात प्रार्थना झाल्यावरही ताप तीन दिवस राहिला आहे. त्या तीन दिवसांबद्दल ज्याला काही सांगता येतं, त्याचं पुस्तक घ्यावं.

आणि टोमणा येणारच. “कादंबरी वाचतेस, बायबल झालं का?” हे मला सासूबाईंनी विचारलं होतं. वाद घातला नाही. दुपारी त्यांना ‘स्मृतिचित्रे’तला एक किस्सा मोठ्यानं वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, “पुढे काय झालं गो?” आता दुपारची भांडी त्या घासतात आणि मी वाचते.

न आवडलेलं पुस्तक पन्नास पानांवर सोडून द्या. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मैत्रिणींमध्ये पुस्तकं फिरवा, पहिल्या पानावर पेन्सिलीनं नाव घालून. माझी दोन बिननावाची गेली ती गेलीच.

पुस्तकातली खूण म्हणून मी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळीची पट्टी ठेवते. पुढच्या राखेच्या बुधवारआधी, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याआधी, कपाळाला लावायची राख करण्यासाठी चर्चमध्ये जुन्या झावळ्या गोळा करतात, तेव्हा ती परत द्यावी लागते. गेल्या वर्षी ती दिली तेव्हा माझी चाळीस पानं उरली होती, म्हणून रेशनच्या दुकानाची पावती घातली.