इंग्रजी बोलताना या चुका टाळा: गडबड बहुधा मनातल्या मराठी वाक्यात असते

व्याकरण पाठ असतं, क्लासची फी भरून झालेली असते, तरी मुलाखतीत तोंड उघडलं की त्याच त्या चुका. वाक्य आधी मराठीत जुळतं (नागपुरात अर्धं हिंदीत) आणि त्याच साच्यात इंग्रजी शब्द भरले जातात. म्हणून नियम घोकण्याआधी आपलं मराठी वाक्य पकडा.

आपल्याकडची सर्वांत चिवट चूक 'राहिलो'ची. 'काय करून राहिला बे?', 'समजून राहिलो ना!' बोली म्हणून यात काही वावगं नाही, पण त्यातूनच 'आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग' आणि 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' निघतं. नो, अंडरस्टँड, वाँट, बिलाँग आणि मालकी किंवा नातं सांगणारा हॅव यांना सहसा 'इंग' लावत नाहीत. मग 'आय अ‍ॅम हॅविंग लंच' कसं चालतं? जेवण ही चालू क्रिया आहे, मध्येच थांबवता येते. दोन भाऊ असणं थांबवता येत नाही. शंका आली की हीच कसोटी लावा.

दुसरी चूक शिकलेल्यांचीही सुटत नाही. 'काल मुंबईला गेलो होतो' हे मराठीत चोख, म्हणून 'आय हॅड गॉन टू मुंबई यस्टर्डे'. नुसतं काल काय झालं एवढंच सांगायचं असेल, तर साधं 'आय वेंट' म्हणा. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला: 'व्हेन आय रीच्ड सीताबर्डी, द ट्रेन हॅड लेफ्ट.'

'पासून'चंही तसंच. 2015 पासून म्हणजे सिन्स, दोन वर्षांपासून म्हणजे फॉर. 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'.

'तू जेवला नाहीस?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. इंग्रजीत जेवला नसाल तर उत्तर 'नो, आय हॅवन्ट'. तिथे 'येस' म्हटलं तर समोरचा गोंधळतो.

बाकीच्या चुका झटपट: 'डिड नॉट वेंट' नाही, 'डिड नॉट गो'. 'व्हाय यू आर लेट' नाही, 'व्हाय आर यू लेट'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. लग्न 'विथ' नाही, 'मॅरीड टू'. अ की अ‍ॅन हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं: अ‍ॅन अवर, अ युनिव्हर्सिटी, अ‍ॅन एमबीए.

उच्चारात व्ही आणि डब्ल्यू नीट वेगळे करा. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. मराठीत आपण 'व्ह' लिहितो म्हणून त्यात हकार मिसळतो, तो काढा. डब्ल्यूला ओठ गोल, दात कुठेच टेकत नाहीत. मोबाइलच्या व्हॉइस टायपिंगची भाषा इंग्रजी ठेवून 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' हे सुटे शब्द बोला. कोणता टाइप होतो ते बघा. पूर्ण वाक्य बोलू नका, कारण फोन संदर्भावरून अंदाज बांधतो आणि चूक झाकली जाते.

सरावासाठी रोज 2 मिनिटं दिवसभराचं काम इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा आणि जसं बोललात तसंच लिहून काढा. पहिला आठवडा फक्त नको तिथला 'इंग' खोडा. बाकी चुका दिसल्या तरी सोडून द्या. सगळ्या एकदम धरल्या की बोलणंच बंद पडतं.