बेबंदशाहीच्या काळातील बायझंटाइन सॉलिडस कसे ओळखावे

६९५ साली बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट दुसऱ्या जस्टिनियनचे नाक कापून त्याला हाकलण्यात आले आणि तेथपासून ७१७ पर्यंत राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर सहा राजवटी येऊन गेल्या. त्या काळातील सॉलिडस हे सोन्याचे नाणे हाती आल्यास चेहऱ्यावरून सम्राट ठरवू नये; ७०५ मध्ये परतलेल्या जस्टिनियनचेही नाक नाण्यावर धडधाकट आहे. पाहायचे ते हातात काय आहे आणि अंगावर काय आहे.

आधी नाणे काट्यावर ठेवावे. वजन साडेचार ग्रॅमच्या जवळपास भरले पाहिजे. बरेच कमी भरल्यास कडा कातरलेली असण्याचा संभव असतो. मग डाव्या-उजव्या कडा चिमटीत धरून नाणे वरून खाली उलटावे. मागील बाजूचा क्रूस बहुधा सरळ उभा दिसतो.

हा क्रूस तीन पायऱ्यांवर असतो. मात्र परतलेल्या जस्टिनियनच्या नाण्यावर एका बाजूला ख्रिस्ताचे मुख आणि दुसरीकडे क्रूस धरलेला स्वतः सम्राट आहे. तिसरा तिबेरियस (६९८–७०५) चिलखतात असून त्याचा भाला छातीसमोर आडवा आहे, तर फिलिप्पिकसच्या (७११–७१३) राजदंडावर गरुड बसलेला आहे. दुसऱ्या अनास्तासियसच्या नाण्यावर कोरलेल्या अक्षरांत त्याचे मूळ नाव आर्तेमियसही येते. तिसऱ्या थिओडोसियसच्या (७१५–७१७) हातातील गोलावरील क्रूसाला दोन आडव्या दांड्या असतात.

खरी फसगत लिओन्टिअसच्या (६९५–६९८) बाबतीत होते. तो लिओ या नावाने राज्य करीत असे, त्यामुळे त्याची नाणी पूर्वी ७१७ मध्ये गादीवर आलेल्या तिसऱ्या लिओच्या खात्यात घातली गेली होती. लिओन्टिअसने लोरोस, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेला जडावाचा पट्टा, धारण केलेला असून त्याच्या उजव्या हातात अकाकिया ही धूळ भरलेली रेशमी गुंडाळी आहे (मर्त्यतेची आठवण, आणि तीही तीनच वर्षे टिकलेल्या राजाच्या हाती). तिसऱ्या लिओच्या खांद्यावर मात्र साधा झगा असतो व अकाकिया डाव्या हातात असते.

शेवटी भिंगाखाली कडेवर साच्याच्या जोडाची रेषा (ओतीव नकलेची खूण) दिसते का, हे तपासावे आणि वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स या संशोधनसंस्थेच्या संग्रहातील छायाचित्रांशी नाणे ताडून पाहावे. एकाच ठशाची दोन नाणी सारखी दिसणे स्वाभाविक आहे, परंतु वापराने पडलेले ओरखडेही तंतोतंत जुळले, तर हातातले नाणे त्या दुसऱ्या नाण्यावरून केलेल्या साच्यातून ओतलेले, म्हणजे नकली समजावे.