औद्योगिक हेंपची पहिली पेरणी: आधी दिनमान बघा, मग रान निवडा

हेंप, म्हणजे धागा आणि बियांसाठी घेतले जाणारे भांगेच्या कुळातले पीक, पहिल्यांदाच उघड्या रानात घेणाऱ्याने सगळ्यात आधी एक हिशेब मांडावा: आपल्या गावी वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा असतो, आणि तिथून पुढे तो कसा लहान होत जातो. खत, पाणी, फवारणी हे सगळे नंतर. या पिकाचे वेळापत्रक दिनमान ठरवते. पेरणीची तारीख चुकली किंवा वाण चुकीच्या अक्षांशाचे आणले, तर बाकीची मेहनत कितीही चोख असली तरी ते नुकसान भरून निघत नाही.

त्याही आधीचे काम म्हणजे परवाना. हेंप आणि गांजा ही एकाच वनस्पतीची दोन रूपे आहेत, त्यामुळे कायद्याच्या नजरेत हे साधे पीक नाही. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील कलम २८ ने फक्त धागा आणि बियांसाठी होणारी लागवड अमली पदार्थांच्या नियंत्रणातून वगळली आहे, पण प्रत्येक देशाने स्वतःचे नियम केले आहेत. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवानगीशिवाय हे झाड लावणे हा गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये औद्योगिक आणि बागायती कारणांसाठी परवानगी देण्याची तरतूद आहे आणि उत्तराखंडाने अशा लागवडीला परवाने दिले आहेत. आपल्या राज्यात परवान्याची व्यवस्था आहे की नाही याची लेखी खात्री होईपर्यंत बियाणे घरात आणू नका. परवाना अमुक गटातल्या अमुक क्षेत्रासाठी मिळतो, बांधापलीकडच्या तुकड्याला तो लागू होत नाही. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून पेरणीच्या किमान सहा महिने आधी अर्जाला लागावे.

आता मूळ मुद्दा. हेंप हे लहान दिवसाचे पीक आहे. दिवस मोठा असेपर्यंत ते फक्त वाढत राहते. दिवस एका मर्यादेखाली आला, म्हणजे खरे तर रात्र पुरेशी लांबली, की ते फुलोऱ्यावर येते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियन तुर्न्वा यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच हेंप आणि हॉप (बिअरमध्ये वापरली जाणारी वेल) या दोन वनस्पतींवर हे पाहिले होते. पुढे १९२० मध्ये गार्नर आणि ॲलार्ड यांनी दिनमानाचा हा नियम अनेक पिकांना लावून दाखवला. हेंपच्या बऱ्याच वाणांत ही मर्यादा १४ तासांच्या आसपास असते, काहींत थोडी कमी, काहींत थोडी जास्त.

हे आकडे जमिनीवर उतरवून बघा. उत्तर गोलार्धात ५० अंश अक्षांशावर २१ जूनचा दिवस साधारण १६ तास २० मिनिटांचा असतो आणि तो १४ तासांखाली येतो ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात. तिथे मे महिन्यात पेरलेल्या पिकाला वाढायला तीन महिने मिळतात. ३० अंशांवर वर्षातला सर्वांत मोठा दिवसच १४ तासांच्या थोडा वर जातो. आणि २० अंशांवर? तिथे २१ जूनलाही दिवस १३ तास २० मिनिटांचाच. म्हणजे १४ तासांवर फुलणारे उत्तरेकडचे वाण २० अंशांवर कधीही पेरा, त्याला पहिल्या दिवसापासून फुलोऱ्याचाच इशारा मिळत राहणार. कोवळी अवस्था सरली की चार-पाच आठवड्यांत गुडघ्याएवढ्या रोपांना फुले येतात, उंची तिथेच थांबते, आणि धाग्यासाठी घेतलेले पीक वायाच जाते. अशा वेळी खत वाढवून काही उपयोग नाही. कितीही नत्र घातले तरी रात्रीची लांबी बदलत नाही.

म्हणून बियाणे घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: हे वाण कोणत्या अक्षांशावर तयार झाले आणि कोणत्या अक्षांशावर तपासले गेले? पिशवीवर ‘१२० दिवसांत तयार’ असे छापलेले असेल, तर ते दिवस त्याच्या जन्मगावचे आहेत. तुमच्या रानात तेच वाण ७० दिवसांत किंवा १६० दिवसांतही येऊ शकते. शक्यतो आपल्या अक्षांशाच्या तीन-चार अंश आत चाचणी झालेले वाण निवडा. विषुववृत्ताकडच्या प्रदेशातली वाणे १४ तासांहून बऱ्याच लहान दिवसांची वाट बघतात, त्यामुळे उष्ण पट्ट्यात तीच चालतात. तीच वाणे फार उत्तरेला नेली तर फुलोरा इतका लांबतो की थंडी पडेपर्यंत बी भरतच नाही.

काही वाणे दिनमानाला फारशी जुमानत नाहीत, वयात आली की फुलतात. फिनलंडमध्ये तयार झालेले फिनोला हे बियांसाठीचे बुटके वाण त्यातले. नवख्याला ही वाणे सोपी वाटतात आणि बियांसाठी ती खरोखर सोयीचीही आहेत. पण धाग्यासाठी त्यांचा उपयोग नाही, कारण उंचीच मिळत नाही. शिवाय त्यांच्या सुरुवातीच्या वाढीत दहा-पंधरा दिवस खुंटले, तर ते भरून काढायला पुढे वेळच उरत नाही.

तारीख ठरवताना उलटे मोजा. पीक कधी काढायचे आहे, तेव्हा हवा कोरडी असते का, तिथून सुरुवात करा. बियांच्या पिकाला फुलोऱ्यापासून पक्व होईपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्याच्या मागे फुलोऱ्याची तारीख येते आणि ती वाण व अक्षांश ठरवतात. त्याच्याही मागे वाढीचे दिवस धरा, तिथे पेरणीची तारीख सापडेल. नियम म्हणून एवढे लक्षात ठेवा: वाढीचा जोमदार काळ सर्वांत मोठ्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना पडला पाहिजे. समशीतोष्ण भागात उत्तर गोलार्धात एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा, दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर ते डिसेंबर, हा पेरणीचा काळ त्यातूनच येतो. उशिरा पेरलेले पीक बुटके राहते. फार लवकर, दिवस अजून लहान असताना पेरले, तर रोपे कोवळेपणीच फुलोऱ्यावर येतात आणि दिवस मोठा झाला की काही पुन्हा पालवीकडे वळतात. असे अर्धवट फुललेले पीक कापणीला कधीच एकसारखे येत नाही, आणि नवखे लोक घाई करतात ती इथेच.

आणखी एक गोष्ट रानात उभे राहून, रात्री तपासा. रस्त्यावरचा दिवा, गोठ्याचा किंवा पंपाचा बल्ब रात्रभर पिकावर पडत असेल, तर त्या पट्ट्यातली झाडे फुलोऱ्यावर यायला मागे राहतात. त्यांच्या लेखी ती रात्र नसतेच. असा तुकडा वगळा किंवा दिव्याला आडोसा करा.

रान निवडताना निचऱ्यापुढे तडजोड नको. पहिले तीन-चार आठवडे हेंपला साचलेले पाणी अजिबात सोसत नाही. दोन दिवस पाणी उभे राहिले की रोपे पिवळी पडतात आणि त्यातली बरीचशी पुन्हा उभारी धरत नाहीत. पुढे हेच पीक खोल सोटमुळाच्या बळावर बऱ्यापैकी ताण सहन करते. पण जमिनीत कठीण थर असेल तर सोटमूळ आडवे वळते, म्हणून आधी खोल नांगरट करून घ्या. जमिनीचा सामू (पीएच) ६ ते ७.५ चांगला. ज्या रानात मागच्या हंगामात सूर्यफूल, सोयाबीन किंवा घेवडा पांढऱ्या बुरशीने गेला असेल तिथे हेंप नको, तीच बुरशी याच्याही खोडात शिरते. कारखान्याच्या सांडपाण्याजवळची जमीनही टाळा. हे झाड मातीतले जड धातू शोषून घेते. याच गुणामुळे चेर्नोबिलच्या परिसरातल्या दूषित जमिनीवर त्याचे प्रयोग झाले. बी खाण्यासाठी विकायचे असेल तर मातीची धातूंसाठी तपासणी करून घेणे हा खर्च नव्हे, गरज आहे.

बियाणे जुने घेऊ नका. बीत तेल भरपूर असते, त्यामुळे उगवणशक्ती लवकर घसरते. पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा आणि त्यानुसार बियाण्याचे प्रमाण ठरवा. धाग्यासाठी हेक्टरी ५० ते ७० किलो बी दाट ओळीत पेरतात. दाटी असली की झाडे सरळ, बिनफांद्यांची, बारीक खोडाची होतात आणि धागा मऊ येतो. बियांसाठी २० ते ३५ किलो पुरते.

खोली दोन ते तीन सेंटीमीटर. याहून खोल गेलेले बी वर येताना दमते. जमिनीचे तापमान ८ ते १० अंश सेल्सिअसच्या वर असावे आणि वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, असावा. वाफशाशिवाय पेरणी करू नका, हे याच पिकाला नव्हे तर सगळ्यांना लागू आहे, पण इथे त्याची किंमत जास्त मोजावी लागते: पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वरचा थर कडक झाला की नाजूक कोंब तो फोडू शकत नाही आणि दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे दोन-तीन आठवडे गेले, आणि दिनमान कुणासाठी थांबत नाही. म्हणून दुबार पेरणीचीही एक शेवटची तारीख आधीच लिहून ठेवा. ती उलटली तर त्या वर्षी दुसरे पीक घ्या. पेरणीनंतर आठवडाभर पाखरांची राखण करावी लागते, त्यांना हे बी फार आवडते.

उगवण एकसारखी झाली तर चार-पाच आठवड्यांत पीक जमीन झाकून टाकते आणि तणाला डोके वर काढू देत नाही. तोवर मात्र तण काढावेच लागेल, म्हणून पेरणीआधी वखराच्या दोन पाळ्या देऊन उगवलेले तण मारून घ्या. हेंपसाठी शिफारस असलेली तणनाशके फारच थोडी आहेत. शेजारच्या रानातून उडालेल्या फवाऱ्यानेही पीक जळू शकते, तेव्हा शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. नत्र हेक्टरी ६० ते १२० किलो, माती परीक्षणाप्रमाणे. जास्त दिले तर पीक लोळते. संपूर्ण हंगामाला ५०० ते ७०० मिलिमीटर पाणी लागते, त्यातले जवळपास निम्मे वाढीच्या काळात.

या पिकात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. एकाच झाडावर दोन्ही फुले येणारी वाणेही आहेत आणि बियांच्या पिकाला ती सोयीची पडतात. नराचे पराग वाऱ्याने कित्येक किलोमीटर जातात. जवळपास कुणी औषधी अर्कासाठी बिनबियांची फुले घेत असेल तर तुमच्या परागांनी त्याचा माल बिघडतो. हंगामाआधी एकमेकांशी बोलणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. फुलोऱ्यात घाटेअळीवर लक्ष ठेवा, ती कणसात शिरली की तिच्यामागे करडी बुरशीही येते. ढगाळ आणि दमट हवेत ही बुरशी दोन-तीन दिवसांत पसरते. उलटे मोजताना कोरड्या हवेपासून सुरुवात करायला सांगितले ते यासाठीच.

कापणीआधी टीएचसीची, म्हणजे या झाडातल्या नशा आणणाऱ्या द्रव्याची, तपासणी ठरलेलीच. अमेरिकेत कोरड्या वजनावर ०.३ टक्के ही मर्यादा आहे आणि तिथे नमुना कापणीआधीच्या ३० दिवसांत घ्यावा लागतो. युरोपीय संघानेही २०२३ पासून अनुदानासाठी ०.२ वरून ०.३ टक्के मर्यादा केली. फूल जसे पिकत जाते तसे टीएचसीचे प्रमाण चढत जाते. म्हणून प्रमाणित, कमी टीएचसीचेच बियाणे घ्या, घरचे राखलेले बी पेरू नका, आणि फुलोरा दिसताच प्रयोगशाळेची तारीख नक्की करा. अहवाल उशिरा आल्यामुळे कापणी लांबली आणि तेवढ्यात प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, तर उभे पीक नष्ट करण्याची वेळ येते.

धाग्यासाठी कापणी नर झाडे पराग सोडू लागली की लगेच करा. त्यानंतर खोड काष्ठासारखे होते. कापलेले पीक रानात पसरून दवाने कुजवायचे तर दोन ते पाच आठवडे लागतात. अधूनमधून पेंढ्या उलटवा आणि धागा काडीपासून सहज सुटतो का ते हाताने बघा. ओल १५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय गठ्ठे बांधू नका.

बियांसाठी कणसातले साधारण ७० टक्के बी तपकिरी झाले की कापा. सगळे पिकायची वाट बघाल तर पिकलेले गळून जाते आणि उरलेले पाखरे नेतात. मळणीयंत्राच्या फिरत्या भागांना धागा गुंडाळला जातो आणि घर्षणाने आगही लागू शकते, तेव्हा यंत्र दर थोड्या वेळाने थांबवून साफ करा. मळलेले बी ढिगात ठेवू नका, काही तासांतच ते तापू लागते. त्याच दिवशी पातळ पसरून हवा द्या आणि ८ ते ९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा. वाळवण्याची जागा पेरणीच्या वेळीच ठरलेली असावी.

पुढच्या हंगामात त्या रानात सांडलेल्या बियांतून रोपे उगवतील. परवान्याची मुदत संपलेली असेल तर तीसुद्धा बेकायदा लागवडच ठरू शकते. पहिल्या पावसानंतर किंवा पहिल्या पाण्यानंतर ती उगवू द्या, फुलोऱ्याआधी वखरून टाका, आणि महिनाभराने बांधाच्या कडेने पुन्हा एक फेरी मारा.