सोसायटीतला ‘मिनी झू’ सांभाळताना या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत क्लबहाऊसमागे जाळीचा एक कोपरा आहे. चार ससे, सहा गिनीपिग, लव्हबर्ड म्हणून आणलेले आणि बजरीगर निघालेले डझनभर पक्षी, शिवाय कुणीतरी घर बदलताना टबासकट ठेवून गेलेली दोन कासवं. पोरं त्याला झू म्हणतात. कमिटीने तो माझ्या गळ्यात मारला त्याला सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत इथले जे प्राणी गेले, त्यातले बरेच आमच्या अडाणीपणाने गेले.

सगळ्यात महागात पडलेलं वाक्य म्हणजे ‘आज खात नाहीये, उद्या बघू.’ ससा कण्हत नाही. निसर्गात दुबळा दिसला की तो आधी मारला जातो, म्हणून आजार लपवणं त्याच्या रक्तातच आहे. आमच्या कापूस नावाच्या सशाच्या ताटलीत शनिवारी संध्याकाळी मेथी तशीच पडलेली होती. तो पाठ गोल करून बसला होता, मधूनच दात करकरवत होता, लेंड्या मोहरीएवढ्या बारीक झालेल्या. रविवार मध्ये आला म्हणून थांबलो. सोमवारी तो आडवाच सापडला. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं; ते थंडावलं की आत गॅस धरतो आणि उलटी करून मोकळं होणं त्याला जमत नाही. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नसेल तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टर गाठायचाच.

तेव्हापासून दर रविवारी किचन काट्यावर टोपली ठेवून एकेकाचं वजन करतो आणि वहीत लिहितो. मागच्या पावसाळ्यात एक गिनीपिग ९५० वरून ८८० ग्रॅमवर आला. दिसायला ठणठणीत, खायला सगळ्यात पुढे. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर मागच्या दाढा वाढून जिभेला टोचत होत्या. नुसत्या नजरेला हे कळलंच नसतं.

दुसरी चूक घरच्या औषधाची. एका काकूंनी मायेपोटी नातवाची उरलेली अमॉक्सिसिलिन ही अँटिबायोटिक गोळी पाण्यात कालवून गिनीपिगला पाजली. जुलाब लागले आणि तो गेला. माणसाला चालणारी ही गोळी गिनीपिग आणि सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारते, मग घातक जिवाणू माजतात. सशांना खरूज झाली तेव्हा एका दुकानदाराने कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे हातात ठेवला. लावण्याआधी डॉक्टरांना बाटलीचा फोटो पाठवला म्हणून वाचलो. त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक होतं, आणि ते सशाला विषासारखं. डॉक्टरही आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे-कासवं बघतात असं नाही, फोनवर सरळ विचारा.

खाण्याचं थोडक्यात. पाव, बिस्किट, शिळी पोळी बंद. पाट्या लावून उपयोग झाला नाही. पाच वाजता पोरांच्याच हातात हरळीच्या जुड्या द्यायला लागलो, तेव्हा पाव थांबला. गिनीपिगच्या शरीरात आपल्यासारखंच क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज थोडी ढोबळी मिरची किंवा पेरूची फोड हवीच, नाहीतर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं.

कासवांचा टब आम्ही काचेच्या खिडकीशी ठेवला होता, ऊन मिळतंय या समाधानात. कवच मऊ पडायला लागलं तेव्हा कळलं, हाडांना लागणारे अतिनील किरण काच अडवते. आता सकाळी तासभर टब उघड्यावर असतो, अर्ध्या भागात सावली ठेवून. आणि कंटाळा आला म्हणून ही लाल कानाची कासवं मासुंदा तलावात सोडू नका. ती परदेशी आहेत, तिथल्या जीवांच्या तोंडचा घास पळवतात. कुणी देशी पोपट किंवा तारा कासव आणून दिलं तर ठेवूनच घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात येतं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

नवीन प्राणी आला की पोरांचा हट्ट असतो, लगेच आत सोडा. तीस दिवस वेगळा पिंजरा, वेगळी बादली, आणि साफसफाई आधी जुन्यांची, मग नव्याची. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात मेलेल्या बगळ्यांचे नमुने बर्ड फ्लू पॉझिटिव्ह आले, तेव्हा आम्ही पक्ष्यांच्या जाळीवर पत्रा घातला. बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा दाण्यात पडू नये एवढंच कारण.

एप्रिल-मेमध्ये दुपारी लाइट गेली तर सशांकडे आधी धावा. त्यांना घाम येत नाही. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नका.

आणि एखादा गेलाच तर लगेच पुरू नका. कारण कळलं तर बाकीचे वाचतात. पिशवीत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठलं की शवविच्छेदनात नीट काही कळत नाही. क्लबहाऊसचा फ्रिज वापरणार असाल तर सेक्रेटरींना आधी सांगा. मी एकदा सांगितलं नव्हतं, आणि नेमकी त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाची मसाला दुधाची पातेली आत ठेवायला वहिनींनी दार उघडलं.