टॅकल शिकवताना या चुका टाळा

फुटबॉलमध्ये नव्या पोराला डिफेन्समध्ये उभं केलं की पहिल्याच मिनिटात तो पाय टाकतो. समोरचा बॉल घेऊन येतो, हा सुसाट धावत जातो, पाय फेकतो. समोरच्याने बॉल जरासा बाजूला सरकवला की हा जमिनीवर आणि मागे एकटा गोलकीपर. इतकी वर्षं हेच बघतोय. आणि दर वेळी बाहेरून कुणीतरी ओरडत असतं, "जा, काढ बॉल!" बरेचदा तो आवाज कोचचाच असतो, म्हणून या चुकीचा दोष मी आधी शिकवणाऱ्याला देतो.

टॅकलचं, म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घेण्याचं, खरं काम पाय टाकण्याआधी होतं. समोरच्याकडे वेगात जा, पण शेवटची तीन-चार पावलं आखूड करा. दीड-एक मीटरवर थांबा. अंग तिरकं, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर. दोन्ही पाय समांतर ठेवून उभे राहिलात तर बॉल पायांमधून जातो आणि वळायलाही उशीर होतो. नजर बॉलवरच हवी. त्याचे खांदे आणि कंबर फसवतात, बॉल फसवत नाही. मग त्याला साइडलाइनकडे रेटत मागे सरकत राहा. कधीतरी त्याचा टच मोठा पडतो, बॉल पायापासून सुटतो. तेव्हाच पाय घालायचा.

१९७० च्या वर्ल्ड कपमध्ये ग्वादलाहाराला इंग्लंड-ब्राझील सामन्यात इंग्लंडचा डिफेंडर बॉबी मूरने ब्राझीलच्या जैरझिन्होकडून पेनल्टी बॉक्समध्ये काढलेला बॉल मी प्रत्येक बॅचला दाखवतो. अंगावर वेगाने येणाऱ्या माणसासमोर तो किती वेळ थांबतो ते बघा. सामना ब्राझीलने १-० जिंकला, गोलही जैरझिन्होनेच केला, तरी लोकांना तो टॅकल आठवतो.

माझ्याकडे पहिले दोन आठवडे पाय टाकायला बंदी असते. अरुंद पट्टी आखतो, डिफेंडरने समोरच्याला फक्त रोखून धरायचं, मी पाचपर्यंत मोजतो. पोरं कंटाळतात, "सर, टॅकल कधी?" म्हणून विचारतात. कंटाळू देत. ज्याला दोन आठवडे धीर धरवत नाही, त्याला सामन्यात दोन सेकंदही धरवत नाही.

दुसरी चूक म्हणजे स्लाइड टॅकलची, म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन बॉल काढायची, घाई. ही चूक मी स्वतः केली आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांची एक बॅच होती. मोबाइलवर क्लिप बघून आलेली पोरं तिसऱ्याच दिवशी स्लाइड शिकवा म्हणून मागे लागली आणि मी हो म्हणालो. मैदान कोरडं, टणक. एक मुलगा, चांगला लेफ्ट बॅक, पूर्ण वेगात खाली गेला आणि सावरायला मागे हात टेकला. सगळं वजन मनगटावर आलं. हाड मोडल्याचा आवाज मला लांबून ऐकू आला. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, पण परतल्यावर तो बॉलसमोर पायच घालेना. ती भीती जायला वर्ष लागलं.

तेव्हापासून स्लाइड शिकवायची ती फक्त ओल्या गवतावर आणि आधी बॉलशिवाय. गुडघ्यावर बसून मांडी आणि कुल्ल्याच्या कडेवर घसरायचं, खालचा पाय दुमडलेला, हात जमिनीपासून वर. मग ठेवलेला बॉल, मग हळू घरंगळणारा, मग चालत येणारा खेळाडू. पळणारा खेळाडू सगळ्यात शेवटी. यात महिना जातो, आणि तो जायलाच हवा. बुटाचे स्टड (तळाचे खिळे) समोर दाखवत घसरणाऱ्याला मी त्या दिवशी पुन्हा स्लाइड करू देत नाही.

समोरासमोरच्या ब्लॉक टॅकलमध्ये अर्धवट पाय घालणं सर्वांत धोक्याचं. घोटा सैल आणि गुडघा ताठ असला की धक्का थेट गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर बसतो. टेकलेला पाय बॉलच्या बाजूला, गुडघे वाकलेले, घोटा घट्ट, अंग बॉलवर झुकलेलं आणि पायाची आतली बाजू बॉलच्या मध्यातून आरपार. जायचं तर पूर्ण जायचं, नाहीतर थांबायचं. घाबरलेल्या पोराला "घाबरू नकोस" म्हणून काही होत नाही. त्याच्यासोबत दोघांच्या मधे एक बॉल ठेवून एका पावलाच्या अंतरावरून पन्नासदा करा.

"सर, बॉल आधी लागला होता!" हे रेफरीला सांगून उपयोग नाही. फुटबॉलच्या नियम १२ (फाउलचा नियम) प्रमाणे निष्काळजी टॅकलवर फ्री किक, समोरच्याच्या धोक्याची पर्वा न करता केला तर यलो, आणि अति जोर लावला किंवा त्याच्या सुरक्षिततेला धोका पोचवला तर रेड. बॉलला स्पर्श झाला म्हणून यातलं काही माफ होत नाही.

शिनगार्डशिवाय (नडगीवरच्या पॅडशिवाय) सराव नाही, पाच मिनिटांचा असला तरी.

बॉल काढला की बघत उभं राहू नका. पडला असाल तर आधी उठा.

आणि दमलेल्या पोरांकडून टॅकल करून घेऊ नका. पाय जड झाले की टायमिंग जातं आणि पाय बॉलऐवजी घोट्यावर पडतो. मी टॅकलचा सराव वॉर्मअपनंतर लगेच घेतो. शेवटच्या आपसातल्या मॅचमध्ये स्लाइडला पूर्ण बंदी.